साडेतेरा फुटांतली करंजी

आमच्या इवायांनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू वरून पाहिलेली नाही. जे पाहिलं ते खालून. आमच्या परभणीकडं व्याह्याला इवाई म्हणतात; तर हे इवाई म्हणजे माझ्या सुनेचे, ज्योतीचे वडील. येलदरीच्या धरणावर, वीजघरात फिटर म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. तिथं म्हणे बघण्यासारखं जे असतं ते सगळं खालीच असतं, वर नुसतं पाणी. त्यामुळं हा माणूस टेबल घ्यायला गेला की आधी टेबलाखाली जाणार, म्हैस बघायला गेला की म्हशीखाली वाकणार, आणि जावई बघायला आला की काय करणार, ते आता सांगते.

नऊ वर्षं झाली. सोयरिकीची बोलणी करायला ही मंडळी आमच्या ताडकळसच्या घरी आली. बैठकीत सतरंज्या टाकलेल्या, माझा मुलगा नवा सदरा घालून कोपऱ्यात घाम पुसत बसलेला. सगळे त्याच्याकडं बघत होते आणि हे गृहस्थ एकटक आमच्या कूलरकडं. मला वाटलं, गरम होत असेल बिचाऱ्यांना. कूलर त्यांच्याकडं फिरवावा म्हणून मी उठले, तर हे माझ्याआधी उठले, झोळीतून हातभर लांब स्क्रूड्रायव्हर काढला, फरशीवर सरळ आडवे झाले, त्याचं टोक कूलरच्या मोटारीला टेकवलं आणि मूठ कानाशी धरून डोळे मिटले. डॉक्टर छातीला नळी लावतो ना, तसं. दोन मिनिटांनी उठले आणि पाठ झटकत म्हणाले, "बेरिंग सुकलंय. आन् मुलगा पसंत हाय."

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे विचारायची तेव्हा कुणाची हिंमत झाली नाही. लग्नानंतर मी एकदा विचारलंच. तर म्हणाले, "इहीणबाई, तुमच्या घरात वीस माणसं बसली व्हती, तरी मला बेरिंग ऐकू आलं. म्हंजे ह्या घरात वरच्या आवाजात बोलायची सवय न्हाई. लेक द्यायला आनखी काय बगायचं?" आता यात चूक काढून दाखवा बघू.

त्या झोळीत स्क्रूड्रायव्हरच्या जोडीला एक पाणसळ असते. फरशी एका रेषेत बसली का बघायला गवंडी वापरतात ती, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. बुडबुडा मधोमध आल्याशिवाय इवायांचा कशावर विश्वास बसत नाही. लग्नात नवरा-नवरीचे पाट त्यांनी पाणसळ लावून बसवले. गुरुजी घड्याळ दाखवायलेत, हातातल्या अक्षता ओल्या व्हायला लागल्यात, आणि नवरीचा बाप पाटाखाली वर्तमानपत्राची घडी सारत म्हणतोय, "थांबा वो, बुडबुडा येऊ द्या मधी, मग व्हऊ द्या सावधान." त्या दिवशी मंडप हसून लोळला. पण पुढच्या वर्षी माझ्या पाठीत उसण भरली, मी चार दिवस पालथी पडून होते, आणि इवाई भेटायला आले. ज्योतीनं त्यांना बाहेरच्या खोलीतच बसवून ठेवलं. माझी अजून खात्री आहे, झोळीत त्यांचा हात पाणसळीवरच होता.

झोळीतली तिसरी वस्तू म्हणजे पाण्याची बाटली. ही गोष्ट मात्र मला नुसती हसून सांगता येत नाही.

आमच्याकडं जुन्या माणसांचा नेम असतो. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी आई-बापानं जेवायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. हल्ली कुणी एवढं पाळत नाही. पण आमच्या इहीणबाई, म्हणजे ज्योतीची आई, पाळायच्या. येताना येलदरीहून पाणी आणायच्या, भाकरी-चटणी आणायच्या, आमच्याच ओसरीवर बसून आपला डबा उघडायच्या आणि वरून मलाच आग्रह करायच्या. इवाई या नेमाची टर उडवायचे. "धरणाचं पाणी धरणातनं घेऊन यायचं, आन् त्याच धरणाच्या कॅनॉलवरच्या गावात बसून प्यायचं! काय अक्कल हाय!" बायको पुढच्या खोलीत बोलत बसली की हे मागच्या दारी यायचे, दोन बोटं दाखवायचे, आणि मी त्यांना दोन बोटं चहा द्यायची. उभ्या-उभ्या पिऊन, मिशा पुसून, जसं काही म्हशी बघून आलो, अशा चेहऱ्यानं आत जायचे. असं आमचं गुपित चाललेलं.

पाच वर्षांमागं इहीणबाई गेल्या. आणि गंमत बघा, ज्या माणसाला तो नेम कधी पटला नाही, त्यानं त्याच दिवसापासून तो धरला. मागच्या दाराला येणं बंद. दोन बोटं बंद. सकाळच्या गाडीनं यायचं, आपल्या बाटलीतलं पाणी, आपल्या फडक्यातली भाकरी, आणि दुपारी तीनच्या गाडीनं परत. मी म्हणायची, "इवाई, राहा की एक दिवस," तर म्हणायचे, "न खाता-पिता कसं ऱ्हावं वो?" आणि खा म्हटलं की हात जोडायचे.

ज्योतीला मूल झालं नाही. परभणीचे दवाखाने झाले, नांदेडचे झाले. आमच्या घरात यावर कुणी तोंड उघडत नाही, मी उघडूच देत नाही. सून माझ्या पोटच्या लेकीसारखी आहे आणि घर तिच्यावर चालतं, मग कशाचं दुःख करायचं? पण दर खेपेला इवायांनी ती बाटली बाहेर काढली की ज्योती गॅसकडं तोंड फिरवून उगीच भांडी हलवायची. त्यांना खालून सगळं दिसतं, पण हे समोरचं दिसत नव्हतं.

तर अशा माणसानं एक दिवस ज्योतीच्या फोनवर एक व्हिडिओ पाठवला. परदेशातलं एक म्हातारं जोडपं जीपमागं एक छोटी गाडी ओढत डोंगरात चाललंय, संध्याकाळी थांबतंय, त्या गाडीत झोपतंय. खाली इवायांनी लिहिलं होतं, "अशी घेतो." एवढंच.

मुलानं मला समजावलं, "आई, याला टिअरड्रॉप ट्रेलर म्हणतात. अश्रूच्या थेंबासारखा आकार असतो म्हणून." मी चष्मा लावून पाहिलं. अश्रूच्या थेंबात कुणी झोपतं का? मला ती सरळ-सरळ करंजी दिसली. पुढून फुगीर, मागं निमुळती, दोन चाकांवर ठेवलेली पांढरी करंजी. तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव करंजीच.

मुलाला वाटलं, सासऱ्यांना हिमालय बघायचाय. ज्योतीनं मात्र रडून गोंधळ घातला. रिटायर झाल्यावर धरणावरचं क्वार्टर सोडावं लागलं होतं, तेव्हापासून इवाई येलदरी गावात एका खोलीत भाड्यानं राहायचे. ज्योती दिवाळीला गेली की खोली तिला देऊन हे देवळात झोपायला जायचे. ते तिला बघवेना, म्हणून तिनं माहेरी जाणंच सोडलं. "आई, अण्णा आता ती खोलीबी सोडायलेत," ती मला म्हणाली. "बैराग्यासारखे फिरणार ते. रस्त्यात कुठं काय झालं तर मला कोण सांगंल? तुम्ही त्यांच्यासंगं जा. तुमचं ते ऐकतात. घेऊ देऊ नका."

म्हणून मी गेले. गाडीला मोडता घालायला निघालेली अशी मी.

इवायांकडं एक जुनी जीप आहे. सरकारी लिलावात अलीकडंच घेतलेली. त्यांच्या म्हणण्यानुसार तिच्यात मूळचा असा आता फक्त हॉर्न राहिलाय. पुढं ते, शेजारी मी, मागं आमचे मालक. मालकांचं काम एवढंच की व्याही-विहीण दोघंच कुठं निघाले असं कुणी म्हणू नये. ते काम त्यांनी परभणी सोडायच्या आतच झोपून पार पाडलं.

संभाजीनगरच्या बाजूला एका कारखान्यात या करंज्या बनतात. गळ्यात पट्टा घातलेला एक गृहस्थ दारात घ्यायला आला. फार गोड बोलायचा. "काका, ही आपली साधी. फॅमिलीसाठी, गुळगुळीत रस्त्यासाठी. आणि ही ऑफरोड."

"ऑफरोड म्हंजे?"

"म्हणजे काका, जिथं रस्ता नाही तिथंसुद्धा जाते."

इवायांनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं. "म्हंजे येलदरीहून ताडकळसला येईल," ते म्हणाले.

ऑफरोड करंजी उंच होती, चाकं ट्रॅक्टरला शोभतील अशी. मागचं झाकण वर उचललं तर आत सैपाकघर! ओटा, शेगडी, भांडी धुवायला छोटं कुंड, मिठा-मसाल्याचे कप्पे. वर आकाश, खाली जमीन, आणि मधे आपण फोडणी देतोय. चाळीस वर्षं मी धुराच्या खोलीत काढली, आणि इथं कुणीतरी सैपाकघरच बाहेर काढून ठेवलेलं. मोडता घालायला आलेली मी, माझा तिथंच निम्मा विरोध विरघळला.

"काकू, आत बसून तर बघा," पट्टेवाला म्हणाला. लुगडं सावरत गुडघ्यांवर आत गेले. आत नुसती गादीच, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. छताला काच. आडवी पडले तर ढग दिसले. बाहेर कसं यायचं हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. पाय आधी की डोकं आधी, या विचारात मी बराच वेळ तिथंच राहिले आणि बाहेर पट्टेवाला मालकांना सांगत होता, "काकूंना फारच आवडलेली दिसते."

इवाई तोवर गाडीखाली. पाऊण तास. फक्त दोन तळपाय बाहेर आणि मधूनमधून आतून हुंकार. पट्टेवाला आधी हसला, मग घड्याळ बघू लागला, मग वाकून बघू लागला, मग पॅन्ट गुडघ्यावर ओढून स्वतःच खाली बसला. शेवटी इवाई ग्रीस पुसत बाहेर आले. "डाव्या चाकाचा एक नट आर्धा आटा ढिला हाय. आन् ब्रेकच्या वायरला हितं घासायलंय, सा म्हैन्यात तुटंल." त्यानं आतून कारागिराला बोलावलं. कारागीर खाली गेला, बाहेर आला आणि होकारार्थी मान हलवली. त्यानंतर पट्टेवाल्यानं इवायांना काका म्हणणं सोडलं, सर म्हणायला लागला.

"सर, कुठं-कुठं फिरायचा विचार आहे? लडाख? स्पीती?"

"पुढच्या दांड्यासकट लांबी साडेतेरा फुटांत बसंल का?"

"बसेल सर, तेरा आहे. घरी पार्किंगची जागा कमी आहे का?"

"घरी न्हाई लावायची. दार डाव्या अंगालाच पायजे. डाव्या अंगाचं मोठं करा, उजव्या अंगाचं बंद केलं तरी चालंल."

"सर, दोन्ही बाजूंना दारं असली की व्ह्यू चांगला मिळतो."

"व्ह्यू डाव्याच अंगाला हाय. पाण्याची टाकी किती दिस पुरंल?"

"दोन माणसांना दोन दिवस."

"म्हंजे एकाला चार. बरं. मग पाणसळ लावतो."

गादीवर पाणसळ ठेवली, चारी कोपऱ्यांत फिरवली. मी मात्र त्या साडेतेरा फुटांवर अडकून राहिले. कुठंतरी ऐकलंय हे, कुठंतरी पाहिलंय. आणि एकदम आठवलं. मागच्या पोळ्याला इवाई आले होते तेव्हा आमच्या घरासमोर, फाटकाच्या बाहेर, कडुलिंबाचं झाड आणि विजेचा खांब यांच्यामधे टेप धरून उभे होते. मी विचारलं तर म्हणाले, "खांब कलायलाय का, बगतोय." खांब कलला का हे टेप जमिनीवर आडवा धरून कुणी बघतं का? तेव्हा मला सुचलंच नाही.

लिंब ते खांब साडेतेरा फूट. आणि रस्त्याच्या कडेला तिथं गाडी लावली तर तिच्या डाव्या अंगाला काय येतं? आमचं फाटक.

परतीच्या वाटेत, जालन्याच्या अलीकडं एका टपरीवर चहाला थांबलो. मालक मागं झोपलेलेच. टपरीवरचा चहा इवाई पितात, तिथं नेम नाही. मी ग्लास हातात घेतला आणि सरळ विचारलं, "इवाई, करंजी आमच्या दारात लावायची ना?"

ते गाडीखाली जायला जागा शोधावी तसे इकडं-तिकडं बघायला लागले. मग म्हणाले, "दारात न्हाई. दाराबाहीर. ती जागा ग्रामपंचायतीची हाय, मी इचारून घेतलंय. म्हंजे मी तुमच्या घरी ऱ्हायलो असं व्हत न्हाई. माजं पाणी, माजा ओटा. तीनच्या गाडीला लेकीकडं पाठ करून जायला आता जिवावर येतंय वो, इहीणबाई. चार-पाच घंट्यांत लेक किती दिसती?"

"मग घरात या की. सोडा तो नेम. तुमाला तर कधी पटलाबी न्हाई."

त्यांनी ग्लास फिरवला. "मी तुमच्याकडं चोरून च्या प्यायचो ना, ज्योतीच्या आईला समदं ठाऊक व्हतं. दवाखान्यात शेवटच्या दिवशी हसून म्हणली, आता माज्या मागं तरी चोरी करू नगा." मग म्हणाले, "ती असताना चोरीत मजा व्हती."

मला वाईट वाटलं, पण माझ्या डोळ्यांपुढं गॅसकडं तोंड केलेली सून होती. ते पण कुणीतरी बोलायलाच पाहिजे होतं. मी म्हटलं, "राग मानू नगा. तुमी बाटली काढता ना, तवा ज्योती तिकडं तोंड करून का उभी राहती, बघितलंय कधी? तुमी बायकोचा शब्द पाळता. तिला मात्र दर खेपेला एकच ऐकू येतं, की तुला अजून मूल झालं न्हाई."

बेरिंग सुकलेलं वीस माणसांत ऐकू येणारा हा माणूस. त्यानं ग्लास खाली ठेवला. मग उठून जीपमधे बसला. परभणी येईपर्यंत एकदाही हॉर्न वाजला नाही. जीपमधली ती एकच मूळची वस्तू.

मला वाटलं, आता करंजी बारगळली. ज्योतीला मी टपरीवरचं काही सांगितलं नाही, "बघू, अजून ठरलं न्हाई" एवढंच म्हटलं. आणि महिन्यानं, आमच्या बाजाराच्या दिवशी, भर सकाळी जीप आली आणि तिच्यामागं करंजी. बाजारातली निम्मी माणसं तिच्यामागं. ताडकळसनं उसाच्या ट्रॉल्या पाहिल्या, वरातीचे रथ पाहिले, पण हे पाहिलं नव्हतं. कुणी म्हणालं आइस्क्रीमची गाडी, कुणी म्हणालं गुरांचा फिरता दवाखाना, कुणी म्हणालं प्रचार सुरू झाला वाटतं. एक आजी तर पायरीवर बसून लुगडं गुडघ्याच्या वर घेऊन म्हणाली, "डाक्टर, ह्या गुडघ्याला इंजेक्शन द्या, त्याला नगं." इवायांनी तिचा गुडघा वाकवून कान लावून ऐकला आणि अगदी गंभीरपणे सांगितलं, "आजी, हेचं ग्रीस संपलंय." आजीला ते पटलं. डॉक्टरांनी इतकं स्पष्ट तिला कधी सांगितलं नव्हतं म्हणे.

लिंब आणि खांबाच्या मधे करंजी बसवायला तासभर लागला. चाकाखाली वीट घाल, वीट काढ, पाणसळ लाव. शेवटी बुडबुडा मधे आला, इवायांनी डाव्या अंगाचं दार उघडलं, आणि ते उघडलं ते बरोबर आमच्या फाटकाकडं तोंड करून.

फाटकात ज्योती उभी होती. चेहरा लालबुंद.

"अण्णा, हे काय मांडलंय?"

"चार दिस मुक्काम हाय," इवाई म्हणाले. "तुमच्या घरी न्हाई. रस्त्यावर."

"रस्त्यावर! लेकीच्या दारात बाप रस्त्यावर राहणार? लोक माझ्या सासूच्या तोंडात शेण घालतील! पाणी नको, जेवण नको, आता सावलीसुद्धा नको का आमची? मला मूल न्हाई म्हणून किती शिक्षा कराल हो?"

आमच्या घरात आवाज चढत नाही, आणि चढला तो असा, भर रस्त्यात. ज्योती आत निघून गेली. इवाई करंजीच्या पायरीवर बसले, पाणसळ मांडीवर. इतका आडवा-उभा सरळ माणूस, पण त्या वेळी मधला बुडबुडा कुठं सरकला होता कोण जाणे.

मी माणसांना म्हटलं, "जा रे बाबांनो, बाजार उठायलाय," आणि घरात गेले. ज्योती गॅससमोर उभी, भांडी हलवायलेली. मी कपाटातून खण काढला, सुपात तांदूळ घेतले, नारळ घेतला आणि तिची प्रवासाची पिशवी तिच्यापुढं ठेवली.

"भर ही," मी म्हटलं.

"कशाला?"

"माहेरी जायचंय तुला. पाच वर्षं झाली, एकदा धड राहायला गेली न्हाईस. चार दिवस राहून ये. सैपाकाचं मी बघते."

"कुठलं माहेर, आई?"

"हे काय, लिंबाखाली आलंय. तुझ्या अण्णांनी येलदरीहून ओढत आणलंय. ताडकळसमधे कुठल्या सुनेचं माहेर दारात आलंय सांग मला? आणि तू त्याच्यावर ओरडून आलीस."

तिला आधी हसू फुटलं, मग रडू, आणि मग दोन्ही एकदमच. मी तिची ओटी भरली, कुंकू लावलं. तिनं खरोखर पिशवी भरली. दोन साड्या, कंगवा, तेलाची बाटली. माझ्या पाया पडली आणि फाटकातून बाहेर गेली. आठ पावलं असतील. मी मागून ओरडले, "पोचल्यावर फोन कर!"

आणि तिनं केला. मी फाटकात उभी, ती पायरीवर उभी, आमची एकमेकींकडं तोंडं, आणि फोन कानाला. "आई, पोचले. गाडीला गर्दी नव्हती."

बाजूला सरकून इवायांनी लेकीला पायरीवर जागा दिली आणि झोळीतून फडकं काढून ती पायरी पुसली. आधीच स्वच्छ होती.

तिनं त्यांच्या ओट्यावर पिठलं-भाकरी केली. दोघं जेवले. जेवण झालं आणि ज्योती आत जाऊन झोपली. दुपारी! माझ्या घरात मी तिला कधी झोपू नको म्हटलं नाही, पण सासरी सून दुपारची झोपत नाही. झोप माहेरचीच. करंजीच्या दारातून तिचे दोन तळपाय बाहेर दिसत होते, अगदी गाडीखालच्या बापासारखे. इवाई लिंबाखाली बसून होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला तोंडावर बोट ठेवून सांगायचे, "हळू बोला वो. लेक माहेरी आलीय. झोपलीय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चहाला बोलावलं. स्टीलच्या कपात, करंजीच्या ओट्यावरचा. मी दोन बोटं दाखवली, तर त्यांनी कप काठोकाठ भरला.

आता दर दोन महिन्यांनी करंजी येते. लिंब आणि खांबामधली जागा गावानंच मोकळी सोडलीय, तिथं कुणी मोटरसायकलसुद्धा लावत नाही. नेम अजून आहे. आमच्या घरात इवाई पाणी पीत नाहीत. टाकी येलदरीहून भरून आणतात. पण टाकी चार दिवसांची, एका माणसाची, आणि माहेरवाशीण धरून माणसं झाली दोन. कारखान्यात ही गोष्ट त्यांच्या डोक्यात आली नव्हती.

मागच्या खेपेला, तिसऱ्या दिवशी सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते. इवाई इकडं-तिकडं बघत फाटकातून आत आले, अंगणातल्या नळाशी बसले आणि बाटली भरायला लागले. आमचा तो नळ उघडताना मांजर ओरडावं तसा किरकिरतो. किरकिरला तसे दचकले, मान आत घेतली. मागच्या दारी दोन बोटं चहा घ्यायचे ना, तोच चेहरा. मी तुळशीमागं वाकून बसले, गुडघे दुखेपर्यंत. तिथंच उभं राहून त्यांनी अर्धी बाटली पिऊन टाकली, मिशा पुसल्या आणि म्हशी बघून आल्यासारखे बाहेर गेले.

हे मी कुणाला बोलले नाही. एवढंच ठरवलं, की पुढच्या खेपेच्या आधी त्या नळाला तेल सोडून ठेवायचं. चोराला निदान आवाजाची तरी भीती नको. काल इवायांचा निरोप आला, उद्या निघतोय. आज सकाळी मी वाटीत तेल घेऊन नळाशी गेले, चावी फिरवली, तर ती गुमान फिरली. हूं नाही की चूं नाही. बोटाला तेलकट लागलं. वास घेऊन पाहिला. खोबरेल, आणि त्यात जास्वंदीची फुलं उकळलेली.

तसं तेल आमच्या घरात एकटी ज्योतीच केसांना लावते.